पिठीसाखर

१२ नोव्हेंबर

प्रिय ताईस,

वाकून नमस्कार. भाऊजींनाही सांग. तुझे गुडघे कसे आहेत? थंडी सुरू झाली, आता सकाळी उठताना त्रास वाढेल. जिना दिवसातून एकदाच चढायचा, असं डॉक्टर म्हणाले होते. गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायला भाऊजी आहेत. निवृत्त माणसाला तेवढंच काम.

इकडे ठीक आहे. हिच्या टपाल कचेरीत नवीन साहेब आलेत, ते म्हणे शिक्केसुद्धा उंचीप्रमाणे लावून ठेवायला सांगतात. ही घरी येऊन त्यांची नक्कल करते, तेवढाच घरात आवाज. मी अजून ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसातच आहे, मालकांनी गाडी दिलेली नाही. सकाळी नव्या मंडळींना फळ्यावर खुणा शिकवतो, ही थांब्याची, ही वळणाची, ही पुढे रस्ता अरुंद असल्याची. दुपारी पावत्या फाडतो. इतकी वर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारी, दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसलो. आता खुर्चीत बसलो तरी मधूनच उजवा पाय जमिनीवर दाबला जातो. समोरची माणसं टेबलाखाली बघतात.

तू नेहमी विचारतेस, काय खाल्लंस. म्हणून सांगतो. सकाळी एक अंडं आणि अर्धी वाटी दही. आधी ते, मग जागा उरली तर पावाचा तुकडा. दुपारी डाळ, मासा किंवा चिकनचे दोन तुकडे, भाजी आणि शेवटी चार घास भात. घास बारीक, चावून चावून. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने घोट घोट. लोहाची गोळी सकाळी, कॅल्शियमची संध्याकाळी. त्या दोघींना एकत्र घेतलं तर एकही लागू पडत नाही. आमच्या आहारतज्ज्ञ बाई म्हणतात, जावा-जावा आहेत, वेगळ्या चुली द्या. बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन चालूच. लोकांना वाटतं, डॉक्टरांनी पोट लहान केलं, सुटला बिचारा. डॉक्टरांचं काम एका सकाळचं होतं. नंतरचं रोजचं आहे, आणि ऑपरेशनला दशक उलटलं तरी ते मलाच करावं लागतं. मी ते नीट करत होतो, ताई. गोड वर्ज्य होतं, ते मी तोंडाला लावत नव्हतो. लग्नाच्या पंगतीत, कोणाच्या वाढदिवसाला, कुठेही नाही. हे तुला माहीत होतं.

तुझी पूड आता घेत नाही. तेही तुला माहीत आहे.

हे वाक्य लिहिलं आणि उठून भांडी घासून आलो. घासायला तीनच होती. गुडघे विचारायला हे पत्र नाही, हे तुझ्या एव्हाना लक्षात आलं असेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी "पूड" म्हटलं की तू "जेवलास का" विचारतेस. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

वर्षाच्या सुरुवातीला माझ्या रक्तात प्रथिनं कमी निघाली. बाजारातले प्रोटीनचे डबे मला पचत नव्हते, पोट धरून बसायचो. तू म्हणालीस, "त्या डब्यांचं नाव काढू नकोस. मी डाळी, दाणे, बदाम भाजून पूड करून देते. दोन चमचे दुधात घाल." मी म्हटलं, साखर चालणार नाही. तू म्हणालीस, "एवढं कळतं मला. तुझ्या त्या बिनसाखरेच्या गोळ्या कुटून घालते." मला किती बरं वाटलं होतं. ऑपरेशन झाल्यापासून तू माझ्या ताटाकडे बघायची नाहीस. मी चार घासांवर उठलो की तू ओट्याशी जाऊन उगाच ओटा पुसायचीस. इतक्या वर्षांनी ताईने माझं हे नवं पोट पदरात घेतलं, असं वाटलं. ऑफिसात सगळ्यांना डबा दाखवला मी. बहिणीने दिलाय म्हणून.

रोज सकाळी पहिल्या विद्यार्थ्याआधी गाडीतच दुधात घालून प्यायचो. चव गोड होती, ती गोळ्यांची समजलो.

थोड्याच दिवसांत छातीत धडधड सुरू झाली. प्यायल्यावर लगेच घाम, पोटात पिळा, कुठेतरी आडवं व्हावंसं वाटायचं. ते ओसरलं की तास-दीड तासाने दुसरी लाट. हात थरथरायचे, जीभ जड, समोरचा माणूस काय बोलतोय ते समजायला वेळ लागायचा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षी हे सगळं भोगून झालं होतं. पोट लहान, गोड गेलं की थेट आतड्यात उतरतं, साखर भसकन चढते आणि मग तितक्याच जोरात कोसळते. पण तेव्हा कारण माहीत होतं. आता सापडेना. चहा सोडला. केळं सोडलं. पाव सोडला. सकाळची गोळी बदलून घेतली. घरातल्या मिठावरसुद्धा संशय घेतला मी. तुझ्या डब्यावर कधी घेतला नाही. उलट अशक्तपणा आहे म्हणून दोनाचे तीन चमचे केले.

त्यात वजन वाढायला लागलं. ही काही बोलली नाही आधी. मग एकदा गाडीच्या खणात तिला ग्लुकोजच्या गोळ्यांचे कागद सापडले. साखर उतरली की एखादी गोळी चघळायची, असं मला डॉक्टरांनीच सांगितलेलं, पण कागद बरेच होते आणि मी तिला ते सांगितलं नव्हतं, घाबरेल म्हणून. ती एवढंच म्हणाली, "वजन वाढतंय, चक्कर येते आणि खणात चांदीचे कागद. मी काय समजू?"

मी म्हटलं, "मी काही खात नाही."

"बरं," ती म्हणाली. त्या "बरं"नंतर आमच्या घरात फारसं बोलणं उरलं नाही.

मग तो अपघात झाला. तुला मी फोनवर सांगितला होता, पण वरवर. त्या शिवणकाम करणाऱ्या बाई, पन्नाशीच्या, स्वतःची गाडी घेऊन कपडे पोचवायचे म्हणून शिकत होत्या. हात फार चांगला, घाई नाही. आम्ही मोठ्या चौकातल्या गोल वळणाशी थांबलो होतो. त्यांनी विचारलं, "सर, जाऊ का?" मी "जा" म्हणालो. मी म्हणालो असं त्या सांगतात, मला आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, की माझा गुडघा कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा दिसत होता आणि उजवीकडून काहीतरी पांढरं मोठं होत होतं. तो पाण्याचा टँकर होता. ब्रेक माझ्या पायाखाली होता. पाय हललाच नाही. बाईंनी स्वतःच चाक वळवलं, म्हणून आज दोघं जिवंत आहोत. गाडी दुभाजकावर चढली. त्यांचं उजवं मनगट मोडलं. ताई, शिवणाऱ्या बाईचं उजवं मनगट.

तू दुसऱ्याच दिवशी धावत आलीस. गुडघे दुखत असताना दोन बस बदलून. पिशवीत नवा डबा होता.

त्या संध्याकाळचं तुला आठवत असणार. मी पलंगावर, ही दाराशी उभी, तू खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत. हिने तुझ्यासमोर मला विचारलं, पहिल्यांदाच मोठ्या आवाजात, "आता तरी खरं सांग. काय खातोस चोरून? एका बाईचा हात गेला असता. जीव गेला असता." मी म्हटलं, "शपथेवर सांगतो, काही नाही." ही रडायला लागली. मी तुझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, तू म्हणशील, माझा भाऊ खोटं बोलत नाही. एवढं एकच वाक्य मला हवं होतं.

तू हिच्या पाठीवर हात ठेवलास आणि म्हणालीस, "जाऊ दे गं. लहानपणापासूनच आहे त्याला ती सवय. कितीदा सांभाळून घेतलं मी."

मी भिंतीकडे तोंड केलं. तुला वाटलं असेल, त्याला ऐकू गेलं नाही.

आई गेल्यावर आपण काकांकडे होतो तेव्हाचं म्हणतेस ना तू? काकू कपाटाला कुलूप लावायची. मी जाडा, म्हणून बिस्किटं कमी झाली की नाव माझंच. एकदा काका पट्टी घेऊन मला शोधत आले, तेव्हा तू मध्ये उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मी खाल्ली." काकांनी पट्टी तुझ्या हातावर मारली. मी दाराआडून बघत होतो. तेव्हापासून मी मनात धरून चाललो की जगात काहीही झालं तरी ताई माझ्या बाजूची आहे. तोच डाव तू त्या संध्याकाळी उलटा मांडलास. तेव्हा खोटं बोलून मला वाचवलंस, आता गप्प राहून मला चोर केलंस. आणि गप्प तरी कुठे राहिलीस.

त्यानंतर आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनीही आधी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "घरात कोणी नाही इथे. सांगा, गोड काय चालू आहे?" मी म्हटलं, काही नाही. त्यांनी दंडावर चिकटवायचं एक बटण दिलं, आतल्या आत साखर मोजणारं. म्हणाल्या, "एका वेळी एकच पदार्थ खा, आणि नंतर बघा." अंड्याने काही झालं नाही. दह्याने नाही. पूड प्यायलो आणि आकडा जिना चढल्यासारखा चढला, मग विहिरीत पडल्यासारखा पडला. मी बाईंना काय सांगितलं, माहीत आहे? म्हटलं, डाळ सोसत नसेल मला. त्या म्हणाल्या, "डाळीने असं होत नाही. पूड करतं कोण?" मी म्हटलं, "माझी बहीण करते. तिच्यावर संशय घ्यायचं कारण नाही."

खरंच तसं म्हणालो. आता आठवलं की अंगाची लाही होते.

तरी मी तुझ्याकडे भांडायला आलो नव्हतो. डाळीचं प्रमाण विचारायला आलो होतो. तू बाजारात गेली होतीस. भाऊजी स्वयंपाकघरात मिक्सर घेऊन बसलेले, मिशा भुकटीने पांढऱ्या झालेल्या. मला बघून खूश झाले. "बरा आलास. तुझ्याच डब्याचं चाललंय. भाजायचं खातं हिचं, साखर दळायचं माझं."

मी विचारलं, "कुठली साखर?"

"पिठीसाखर. बाजारची नको म्हणते ती, गुठळ्या होतात. दर वेळी मीच दळतो." त्यांनी वाडगा पुढे केला, चव बघ म्हणून. त्यांना काही ठाऊक नव्हतं, हे मला मान्य आहे. आनंदाने काम करत होता बिचारा माणूस.

मी तिथेच स्टुलावर बसलो. तू आलीस, पिशवी हातात, आणि वाडग्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. तू दचकली नाहीस. पिशवी खाली ठेवलीस, भाजी निवडायला घेतलीस. मी म्हटलं, "ताई, हे काय आहे?"

तू म्हणालीस, "गळ्याची हाडं दिसत होती तुझ्या. लोक मला विचारतात, भावाला मोठा रोग झालाय का म्हणून. चमचाभर साखरेने कोणी मरत नाही."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर खाल्लं असतंस?"

"नसतं खाल्लं. म्हणूनच सांगायचं असतं."

मग तू देठ मोडता मोडता, वर न बघता म्हणालीस, "माझ्या तोंडचं काढून भरवलेलं पोट ते. तू मला न विचारता कापून आलास."

भाऊजी मिक्सरचं झाकण हातात धरून उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान खाली घातली. मी निघालो. जाताना "येतो" म्हणालो नाही.

घरी आलो आणि पहिला मूर्खपणा केला. राहिलेला डबा मोरीत रिकामा केला, वरून पाणी सोडलं. हात धुतले तरी ते चिकट वाटत होते. ही कामावरून आल्यावर सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "डबा दाखव." डबा धुऊन पालथा घातलेला होता. ती म्हणाली, "म्हणजे आता ताईंवर घालणार तू." आणि माझ्यासमोर तुला फोन लावला.

तो फोन मी ऐकला, ताई. स्पीकरवर होता. हिने सरळ विचारलं, "ताई, त्या पुडीत साखर होती का?" तू हसलीस. म्हणालीस, "छे गं, साखर कुठली. आजारी माणसाला काहीही वाटतं. सांभाळून घे त्याला, मी पण आयुष्यभर तेच केलं."

हिने फोन ठेवला. तिने ग्लुकोजच्या सगळ्या गोळ्या मोजून माझ्या हातात दिल्या आणि आपली उशी बाहेरच्या खोलीत नेली.

साखरेचं मी गिळलं असतं. तुझी माया आंधळी आहे, असं म्हणून हसण्यावारी नेलं असतं. पण मनगट मोडलेल्या बाईची बातमी ऐकून तू नवा डबा घेऊन आलीस. तुला तेव्हा कळलं होतं ना, कशामुळे झालं? की कळून घ्यायचंच नव्हतं? आणि माझी बायको माझ्यासमोर रडत असताना तू तिच्या पाठीवर हात ठेवलास. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी आजवर ऐकलं होतं फक्त. ते इतकं हळुवार असतं हे माहीत नव्हतं.

मला एकच हवं आहे. हिला फोन कर आणि खरं सांग. मालकांना मी काय सांगायचं ते बघेन, त्या बाईंनाही मीच सांगेन. हिला मात्र तू सांगायला हवंस, कारण माझ्यापेक्षा तिचा तुझ्यावर विश्वास आहे. तो तूच कमावलास, आणि माझ्याविरुद्ध वापरलास.

उत्तराची वाट बघतो. गुडघ्यांना शेक देत जा.

तुझा,
बारक्या


९ डिसेंबर

ताई,

तुझा फोन आला नाही. पत्र पोचलं हे मला भाऊजींकडून समजलं. ते कसं, हे तुला ठाऊक आहे, पण पुढचं ठाऊक नाही. म्हणून लिहितो.

रविवारी जेवणं व्हायच्या आत दार वाजलं. हिने उघडलं. भाऊजी उभे, इस्त्रीचा सदरा, हातात काही नाही. रिकाम्या हाताने ते आमच्याकडे कधी आले नव्हते. ही म्हणाली, "या ना, ताई कुठे आहेत?" ते आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभं राहून म्हणाले, "साखर होती. मी स्वतः दळत होतो. मला वाटायचं, एवढी चालत असेल त्याला, पण त्या दिवशी स्वयंपाकघरात कळलं, आणि तरी मी गप्प बसलो. तो खोटं बोलत नाही. एवढंच सांगायला आलोय."

हिने दार पूर्ण उघडलं. मग म्हणाली, "आत या. पाणी तरी घ्या."

ते बसले. मी विचारलं, "ताईला सांगून आलात?" म्हणाले, "सांगून आलो. म्हटलं, तूही चल, दोघं मिळून सांगू. ती म्हणाली, मला जेवण करायचंय." मी त्यांना स्टँडवर सोडलं, रिक्षाने. गाडी चालवायची परवानगी अजून कागदावर आलेली नाही.

परत आलो तर हिची उशी आतल्या खोलीत होती. जेवायला बसलो तेव्हा तिने माझ्या बशीत अंड्याचे चार तुकडे केले, मी करतो त्याहून बारीक. मग चमचा खाली ठेवून म्हणाली, "मी तुला विचारलं, तेव्हा तू शपथ घेतली होतीस." मी "हो" म्हटलं. ती म्हणाली, "मी बाहेरच्या बाईचं ऐकलं." तू बाहेरची बाई झालीस, ताई. हे तिने रागात म्हटलं नाही. तिच्या तोंडून सहज गेलं, आणि मला तिला दुरुस्त करता आलं नाही.

त्या शिवणवाल्या बाईंकडे आम्ही दोघं गेलो. प्लॅस्टर निघालंय. बोटं हलतात, पण कात्री धरली की मनगट दुखतं. जाड कापड कापायला त्या पुतणीला बोलावतात. मी सगळं सांगितलं, माझं पोट, साखर, पूड. त्या शांतपणे ऐकत होत्या, मांडीवरच्या कापडाची दशी काढत. शेवटी विचारलं, "घातली कोणी?" मी म्हटलं, "बहिणीने." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, प्रेमाने घातली असेल. सगळेच म्हणतात. आहारतज्ज्ञ बाईसुद्धा म्हणाल्या. या म्हणाल्या, "मग तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त लागलंय." आणि हिला चहा करायला आत घेऊन गेल्या. मी एकटा त्या खोलीत बसलो, मशीन आणि टांगलेल्या कपड्यांमध्ये, आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा रडलो. लहान मुलासारखा नाही. नाक पुसण्यापुरता.

तब्येत चांगली आहे. पूड बंद झाल्यापासून एकही झटका नाही. दंडावरच्या बटणाची मोबाइलवर उमटणारी रेघ आता सपाट जाते. आहारतज्ज्ञ बाईंनी डाळीची धिरडी, पनीर, उकडलेले दाणे असं काही बसवून दिलंय, त्यावर प्रथिनं भरून निघतील म्हणतात. वजन हळूहळू उतरतंय. डॉक्टरांचं पत्र मालकांना दिलं. ते वाचून म्हणाले, "घरचाच भेदी." मग जीभ चावली. नव्या वर्षात गाडी देईन म्हणालेत. आधी रिकाम्या मैदानात, त्यांना शेजारी बसवून.

एक गोष्ट गेली मात्र. आता कोणीही काही हातावर ठेवलं की मी आधी बोटाने चाटून बघतो. काल हिने दही लावलं होतं, तेही. तिने पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. बायकोच्या हातचं दही चाखून बघणारा माणूस झालो मी. आहारतज्ज्ञ बाई म्हणतात, पुढच्या तपासणीत ही सवय चांगलीच ठरेल. त्यांना काय सांगू.

तू मला वाढवलंस हे खोटं पडत नाही. काकांची पट्टी तुझ्याच हातावर बसली होती, मी ते कुणाला नाकारणार नाही, हिलासुद्धा नाही. पण त्याची फेड मी पोटाने करायची, असं कधी ठरलं नव्हतं. ऑपरेशनच्या आधी तुला विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं. मग आज मी नसतो.

भाऊजींना त्रास देऊ नकोस. ते तुला सांगून आले होते. हे एवढं धैर्य त्यांना या वयात करावं लागलं, तू ते केलं नाहीस म्हणून. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तर कळव, दवाखान्यात मी येईन, रात्रीही बसेन. घरी मात्र बोलावू नकोस. बोलावलंस आणि आलो, तर तुझ्या ताटावर बसणार नाही, आणि ते तुलाही बघवणार नाही.

हिला फोन करायचा असेल तर अजूनही कर. भाऊजींनी सांगितलं म्हणून तुझं सांगायचं संपलं, असं मी धरलेलं नाही.

तुझ्या हातचं खाऊन वाढलेला आणि यापुढे न खाणारा,
तुझा भाऊ